‘मुस्तफा’चा खेळ, नकलेचा बाजार आणि अजब कल्पनांची कमाई

धंद्याच्या या पानावर व्हिडिओ गेमचे नाव पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पोरांचा वेळखाऊ नाद, यापलीकडे या विषयाला आमच्या घरांत फारशी किंमत नाही, आणि पालकांची तक्रार खोटीही नाही. परंतु ज्या मालासाठी जगभरची गिऱ्हाइके खुशीने खिसा रिकामा करतात, त्या मालाकडे व्यापाऱ्याने पाठ फिरवून चालत नाही. तो कोण बनवतो, त्याला कच्चा माल काय लागतो, नफा कोणाच्या पदरात पडतो आणि त्यात आपल्या हुनराला जागा आहे की नाही, एवढे तरी पाहिलेच पाहिजे.

त्यातही आज आम्हाला सांगायचे आहे ते बंदुका आणि मोटारींच्या ठरावीक खेळांबद्दल नाही. ज्यांचे वर्णन ऐकताच माणूस ‘हा कसला खेळ?’ म्हणून हसतो, अशा विचित्र खेळांबद्दल सांगायचे आहे. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या आपल्या कारागिरांना या धंद्यात शिरायला वाट असेल तर ती याच दारातून आहे, असे आमचे मत झाले आहे.

मिस्त्री मुस्तफा

१९९० च्या दशकात स्टेशनाबाहेरच्या गाळ्यांतून व्हिडिओ गेम पार्लरे निघाली. रुपया-दोन रुपयांचे नाणे टाकून खेळायचे. त्या पार्लरांत उभा राहिलेला कोणीही आज चाळिशी-पन्नाशीतला असेल आणि त्याला ‘मुस्तफा’ हा खेळ आठवतच असेल. पिवळी टोपी घातलेला, धावत येऊन उडी मारून लाथ घालणारा मुस्तफा घेण्यासाठी पोरांची भांडणे होत.

त्या खेळाचे खरे नाव होते ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली तो काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रकथेवरून तो घेतलेला होता. शेकडो वर्षांनंतरचे जग, त्यात पुन्हा जन्मलेले डायनोसॉर आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या जुन्या अमेरिकन मोटारी, असा त्याचा सगळा अजब मसाला. खेळायला चार पात्रे होती. त्यांतला मुस्तफा कैरो हा पेशाने इंजिनियर, म्हणजे आपल्या भाषेत मिस्त्री. हिंदुस्थानातल्या पोरांनी इंग्रजी नाव बाजूला ठेवले आणि सगळ्या खेळाला या मिस्त्रीचेच नाव देऊन टाकले. कंपनीने जाहिरातीवर पैसा न घालता एका परक्या देशात तिच्या मालाला नवे नाव पडले, यावरून कल्पनेची पकड ध्यानात यावी.

आता त्या मशीनकडे कारागिराच्या नजरेने पाहा. बाहेरचा सांगाडा प्लायवुडचा, वर सनमायका. आत रंगीत टीव्हीची ट्यूब, पॉवर सप्लाय, दांडी, बटणे, नाणे पडण्याची पेटी आणि खेळाचा बोर्ड. १९८० च्या दशकात जपानी मशीनवाल्यांच्या संघटनेने बोर्ड जोडण्याचे ५६ पिनांचे एकच माप ठरवले. त्याला ‘जामा’ म्हणत. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा बोर्ड कोणत्याही पेटीत बसू लागला. पेटी इथल्या सुताराने करावी, वायरिंग इथल्या टीव्ही मेकॅनिकने करावे आणि खेळ जुना झाला की फक्त बोर्ड बदलावा, असा धंदा त्यामुळे शक्य झाला.

बोर्ड मात्र बहुतेक ठिकाणी नकली असत. मूळ कंपनीनेही कुलूप घातले होते. ‘मुस्तफा’च्या अस्सल बोर्डावर आवाजाचा भाग गुप्त लिपीत होता आणि तिची चावी एका छोट्या बॅटरीवर तगून असे. बॅटरी संपली की चावी पुसली जाई आणि बोर्ड मुका होई. नकलाकारांनी त्या कुलपालाही वळसा घातला. आपल्याकडची गल्लीबोळातली पोरे जो ‘मुस्तफा’ खेळली तो पुष्कळदा असा वळसा घातलेला होता.

पुढे घरोघरी टीव्हीला जोडायची मशीने आली. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या मशीनच्या त्या नकला. सोबत ‘९९९९ इन १’ अशी कॅसेट मिळे. उघडून पाहिले तर आत मोजके खेळ आणि तेच पुन्हा पुन्हा नावे बदलून लावलेले. मग सायबर कॅफे आले, मोबाइल आले आणि पार्लरांचे दिवस संपले. पेट्या भंगारात गेल्या. सुताराला पेटीची मजुरी मिळाली, मेकॅनिकला दुरुस्तीची, दुकानदाराला नाण्यांची. ज्याने मुस्तफा कल्पनेत पाहिला आणि ज्या कंपनीने तो पडद्यावर आणला, त्यांची मालकी मात्र कागदोपत्री शाबूत राहिली. या धंद्याचा पहिला धडा इथेच आहे. लाकूड कुजते, ट्यूब जळते, कल्पना टिकते.

‘मेड इन यूएसए’चे शहर

उल्हासनगरला हा धडा सांगण्याचे विशेष कारण आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवले गेले आणि १९४९ साली या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हातात काही नसताना या शहराने बाजार उभा केला. फर्निचर, कापड, जीन्स, इलेक्ट्रिकचा माल, काय नाही तिथे? त्या बाजाराच्या कामात आपले सुतार, शिलाईवाले, कटिंग मास्टर, वेल्डर यांचाही घाम मिसळलेला आहे. पण त्याचबरोबर ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोदही या शहराला चिकटला तो कायमचा.

नकलेला हसणे सोपे आहे. नक्कल करणाऱ्याच्या हातात हुनर असतेच. परदेशी पँट एकदा उलटीसुलटी करून पाहिली की तिचा कागदी नमुना काढून देणारा मास्टर हा काही साधा माणूस नव्हे. दुखणे निराळे आहे. नकलेच्या मालाला भाव ठरवता येत नाही. शेजारच्या गाळ्याने दोन रुपये कमी केले की आपल्यालाही करावे लागतात. अखेर मजुरीवर गाडी येऊन थांबते.

व्हिडिओ गेमच्या धंद्यात तर हे आणखी कठोर आहे. एकदा तयार झालेल्या खेळाची दुसरी प्रत काढायला खर्च जवळजवळ शून्य. मग भाव कशाचा? केवळ वेगळेपणाचा.

पत्ते बनवणाऱ्यांचे कारखाने

वेगळेपणा म्हणजे मोठे भांडवल असा समज असेल तर निन्टेन्डोचाच इतिहास पाहावा. ही कंपनी १८८९ साली जपानच्या क्योतो शहरात निघाली ती हाताने खेळायचे पत्ते बनवण्यासाठी. १९६५ मध्ये तिथे गुन्पेई योकोई नावाचा तरुण पत्त्यांच्या कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीसाठी नोकरीला लागला. फावल्या वेळात त्याने कैचीसारखा लांब होणारा एक लाकडी हात स्वतःपुरता बनवला. मालकाने तो पाहिला. दम देण्याऐवजी त्याने ‘हा विकायचा माल कर’ असे सांगितले. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ नावाने तो बाजारात आला आणि दहा लाखांहून अधिक खपला.

याच योकोईने पुढे रेल्वेत एका कंटाळलेल्या प्रवाशाला कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेले पाहिले. त्यावरून खिशात मावणारा खेळ त्याला सुचला. कॅल्क्युलेटरच्या स्पर्धेमुळे तसले छोटे पडदे आणि चिप तोवर स्वस्त झाले होते. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आला. सगळे मिळून ४ कोटींहून अधिक नग विकले गेले. १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ आला तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी रंगीत, उजेडाचे पडदे लावले होते. याचा पडदा मात्र फिकट हिरवट. परंतु त्यांची यंत्रे ६ सेल काही तासांत खाऊन टाकत आणि हा ४ सेलवर त्यांच्या कितीतरी पट चाले. बाजार कोणी जिंकला हे सांगायला नको.

योकोईचे सूत्र असे होते की, जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधावा. वाचकहो, हे सूत्र जपानी असेल, पण भंगारातल्या मोटारीवर शिलाईचे मशीन चालवणाऱ्या आपल्या कारागिराला ते नवे नाही. फरक इतकाच की योकोईच्या मालकाने त्या कल्पनेला डबा दिला, नाव दिले आणि बाजार दिला.

हसू येईल असे खेळ

आता काही विचित्र खेळांची यादी पाहू. यादी गंमत म्हणून नाही. प्रत्येकामागे धंद्याचा काही विचार आहे.

२००४ साली जपानच्या नामको कंपनीने ‘कातामारी दामासी’ काढला. एक चिकट गोळा ढकलत न्यायचा. आधी टाचण्या, खडू चिकटतात, मग खुर्च्या, मग माणसे, मग इमारती. बस, इतकेच. तो करणारा केइता ताकाहाशी शिल्पकला शिकलेला होता. हाताने घडवणाऱ्याची दृष्टी त्यात दिसते.

२०१३ साली लुकास पोप या एकट्या माणसाने ‘पेपर्स, प्लीज’ केला. यात खेळणारा सरहद्दीवरचा कारकून होतो. पासपोर्ट तपासायचे, शिक्के मारायचे, चूक झाली की पगार कापला जातो आणि घरी मूल आजारी. कागदपत्रांच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही हा खेळ समजेल. विमानतळांवरच्या स्वतःच्या अनुभवावरून त्याला तो सुचला. दहा वर्षांत ५० लाख प्रती गेल्या.

२०१४ साली स्वीडनच्या कॉफी स्टेन कंपनीने चेष्टेचेष्टेत ‘गोट सिम्युलेटर’ केला. शेळी बनून गावभर धुमाकूळ घालायचा. खेळात राहिलेले विनोदी दोष त्यांनी मुद्दाम काढले नाहीत, कारण लोकांना तेच आवडत होते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या चार जणांनी २०१९ साली ‘अनटायटल्ड गूस गेम’ काढला. एक खोडकर हंस शांत गावातल्या लोकांना छळतो. वर्ष संपण्याच्या आत १० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २०२२ साली पूर्ण रूपात आलेल्या ब्रिटनच्या ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’मध्ये तर पाण्याच्या फवाऱ्याने घाण धुण्याखेरीज काहीच नाही. घाणेरडी भिंत, गाडी, अंगण स्वच्छ होताना पाहण्याचे सुख लोक पैसे मोजून विकत घेतात.

सर्वांत विचित्र म्हणजे ‘डेझर्ट बस’. १९९५ साली अमेरिकन जादूगार पेन आणि टेलर यांच्यासाठी तो तयार झाला, पण तेव्हा बाजारात आलाच नाही. ओसाड वाळवंटातून रिकामी बस सलग ८ तास चालवायची. बस जरा एका बाजूला ओढते, म्हणून हात सोडता येत नाही. पोहोचलात की एक गुण. यात विकण्यासारखे काय आहे? तरीही २००७ पासून कॅनडातील काही कलाकार दरवर्षी हा खेळ तासन् तास खेळतात आणि लोक त्यांना पाहून आजारी मुलांच्या संस्थेसाठी देणग्या देतात. कोट्यवधी रुपये त्यातून जमले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. शिक्का मारणे, धुणे, बस चालवणे, पसारा गोळा करणे ही रोजची कामे आहेत. करणाऱ्याने आपल्या ओळखीचे काम बारकाईने पाहिले आणि त्यातली गंमत पकडली. बारकाईने काम पाहण्यात आपला कारागीर कोणाला हार जाणार आहे?

आपल्या बाजूची उदाहरणे

हे सारे साता समुद्रापलीकडचे आहे असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी : अ‍ॅन एन्शियंट एपिक’ हा खेळ २०२० साली जगभर काढला. सर्कशीत कसरती करणारी राजी हरवलेल्या भावाला शोधते अशी कथा. चित्रांची घडण पहाडी चित्रशैलीची, गोष्ट सांगण्याची रीत छायाबाहुल्यांची आणि वाडे-किल्ले राजस्थानी धाटणीचे. २०१७ साली लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. संस्थापकांपैकी अविचल सिंग यांनी आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नवोदितांच्या पहिल्या खेळासाठीच्या बक्षिसाला या खेळाला नामांकन मिळाले. आमचा वाचक यातून दोन्ही गोष्टी घेईल. इथला माल जगात चालतो, आणि त्यासाठी घर पणाला लावण्याची वेळही येऊ शकते.

मुंबईहून गुजरातकडे जाताना लागणाऱ्या वापीजवळच्या चला गावी ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’ आहे. ध्रुव जानी आणि त्यांचे सहकारी तिथे असे खेळ करतात की त्यांना खेळ म्हणावे की चालते-बोलते पुस्तक, असा प्रश्न पडतो. मीर उमर हसन नावाचा एक शायर-लेखक त्यांनी कल्पनेतून निर्माण केला आहे आणि त्याच्या हरवलेल्या गोष्टी शोधत खेळणारा रंगीबेरंगी दालनांतून फिरतो. एका खेळात इमारती खाऊन टाकणे हेच एका माणसाचे काम आहे. इतिहास कसा पुसला जातो हे त्यातून सांगायचे असते. त्यांचा टेलिफोन आणि सरहद्दींवरचा एक खेळ २०१९ साली ब्रिटनमधल्या डंडीच्या व्ही अँड ए संग्रहालयातील प्रदर्शनासाठी होता. वापीसारख्या कारखान्यांच्या गावाजवळून हे होते, तर अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीलगत का होऊ नये?

तिसरे उदाहरण साधे आहे, पण कमाईत सर्वांत मोठे. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ काढला. विकास जैस्वाल यांनी घरातला जुना पट मोबाइलवर आणला आणि दूर राहणाऱ्या नातेवाइकांना एकत्र खेळण्याची सोय दिली. २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरात पोहोचला. पट जुनाच, मोबाइलही सगळ्यांकडे. नवी होती ती फक्त सांगड.

नक्षी, जरी आणि स्प्रिंग

आता आपल्या कारागिरांच्या अधिक जवळचे सांगतो.

इराणच्या महदी बहरामी यांनी २०१७ साली ‘एंगारे’ नावाचा खेळ काढला. त्यात लढाई नाही, शर्यत नाही. एखाद्या फिरणाऱ्या चाकावर किंवा सरकणाऱ्या पट्टीवर योग्य जागी एक ठिपका ठेवायचा. वस्तू फिरू लागली की ठिपका रेघ काढतो आणि बघता बघता मशिदींच्या घुमटांवर, फरशांवर दिसणारी भूमितीची नक्षी उमलते. चेंडू गडगडला तर त्यावरचा एक बिंदू हवेत कोणती आकृती काढेल, या शाळेतल्या प्रश्नावरून त्यांना तो सुचला. जाळी कोरणारे, फरशी बसवणारे, मेंदी काढणारे आपले किती हात ही नक्षी रोज काढत असतात.

२०१६ मध्ये अमेरिकेत ‘थ्रेडस्टेडिंग’ हा खेळ दाखवला गेला. दोघांनी खेळायचा. पडदा नाहीच. भरतकामाचे कॉम्प्युटर मशीन हेच पटाचे काम करते. प्रत्येक चालीबरोबर मशीन कापडावर टाके घालते आणि डाव संपला की हातात भरलेले कापड येते. त्याच सुमाराचा रॉबिन बाउमगार्टन यांचा ‘लाइन वॉबलर’ पाहा. पाच मीटरची एलईडी पट्टी हाच पडदा आणि दार भिंतीवर आपटू नये म्हणून लावतात ती स्प्रिंग हीच दांडी. ती हलवली की पट्टीवरचा हिरवा ठिपका पळतो. या दोन्ही वस्तू आपल्या इलेक्ट्रिक आणि हार्डवेअरच्या दुकानांत टांगलेल्या असतात.

अशा हाताने बनवलेल्या विचित्र दांड्या-बटणांच्या खेळांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळनिर्मात्यांच्या परिषदेत २०१४ पासून वेगळे दालन भरत आले आहे. निन्टेन्डोने २०१८ साली ‘लाबो’ विकला, तो तर पुठ्ठ्याचे तक्ते होते. घडी घालून पियानो करा, गळ करा आणि यंत्राला जोडा. खोकी बनवणाऱ्या आपल्या भावांनी यावर विचार करावा. मॉल, लग्नाचे हॉल, शाळांची प्रदर्शने, मेळे येथे भाड्याने देता येतील अशी चार अजब यंत्रे एक सुतार, एक इलेक्ट्रिशियन आणि एक कॉम्प्युटर शिकलेला मुलगा मिळून करू शकतात. पार्लरच्या काळात हेच तिघे परक्याच्या बोर्डासाठी पेटी करत होते. आता बोर्डही त्यांचा असू शकतो.

उल्हासनगर निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले, म्हणून लुआल मायेन यांचेही नाव घेतो. दक्षिण सुदानमधून पळणाऱ्या कुटुंबात ते जन्मले आणि युगांडातील छावणीत वाढले. त्यांच्या आईने तीन वर्षे पै-पै साठवून ३०० डॉलर जमवले आणि कॉम्प्युटर घेऊन दिला. तो चार्ज करायला ते तासन् तास चालत जात. त्यावर त्यांनी ‘सलाम’ नावाचा, शांततेचा विचार देणारा खेळ घडवला. २०१८ साली अमेरिकेत त्यांचा जाहीर सन्मान झाला. आमच्या वस्त्यांतून निदान चार्जिंगसाठी चालत जावे लागत नाही.

जमा-खर्च

आता वहीतले पान उघडू. खेळ बनवण्याचे ‘गोडो’ आणि चित्रे-आकार बनवण्याचे ‘ब्लेंडर’ ही दोन्ही साधने कायदेशीररीत्या फुकट आहेत. चोरीच्या सीडीची गरज उरलेली नाही. गुगलच्या मोबाइल दुकानात खाते उघडायला एकदाच २५ डॉलर पडतात, अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. कॉम्प्युटरवरच्या खेळांचे मोठे दुकान म्हणजे ‘स्टीम’. तिथे प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरावे लागतात. विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात, आणि दुकान सर्वसाधारणपणे विक्रीचे ३० टक्के कापून घेते.

समजा तिघे जण प्रत्येकी २५,००० रुपये दरमहा घेऊन वर्षभर बसले. मजुरी ९ लाख झाली. खेळ २०० रुपयांना विकला आणि दुकानाने ६० रुपये कापले तर हाती १४० राहिले. कर बाजूला ठेवला तरी खर्च निघायला सुमारे ६,५०० प्रती जायला हव्यात. हेच काम तीन महिन्यांत आटोपेल असे लहान ठेवले तर मजुरी सव्वा दोन लाख आणि सुमारे १,६०० प्रतींत मुद्दल वसूल. म्हणून पहिला खेळ छोटा असावा. या दुकानांत रोज नव्या खेळांचा ढीग पडतो आणि पुष्कळसे खेळ हजार प्रतींचे तोंडही पाहत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. घरदार, दागिने यावर लावू नयेत. हाताचा धंदा सांभाळून, संध्याकाळच्या वेळात सुरुवात करावी.

पूर्ण खेळ झेपत नसेल तर सुटा माल विकता येतो. खेळ बनवणाऱ्यांना दारे, खुर्च्या, दिवे, हातगाड्या, बाजारांचे गाळे यांचे कॉम्प्युटरवरचे नमुने लागतात. ‘युनिटी’च्या बाजारात असा माल विकणाऱ्याला किमतीच्या ७० टक्के मिळतात, एपिक कंपनीच्या ‘फॅब’ बाजारात ८८ टक्के. सांधा कसा बसतो हे ज्याला ठाऊक आहे असा सुताराचा मुलगा ब्लेंडर शिकला, तर त्याची खुर्ची इतरांपेक्षा खरी दिसेल. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराचे दगडी कोरीव काम, लोकलचे डबे, जुन्या चाळी, जीन्सचे कारखाने, याचे नमुने इथल्या माणसाइतके चांगले कोण करणार?

मालकीचे कागद

‘टेट्रिस’ हा विटा रचण्याचा खेळ अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत केला. जगभर तो विकला गेला, पण हक्क सरकारी खात्याकडे होते. स्वतः पाजित्नोव्ह यांना मानधन सुरू झाले ते १९९६ नंतर. व्हिएतनामच्या डोंग न्युएन यांनी थोड्याच दिवसांत बनवलेला ‘फ्लॅपी बर्ड’ २०१४ च्या आरंभी दिवसाला ५०,००० डॉलर मिळवत असल्याची बातमी होती. लोकांना त्याचे व्यसन लागते आहे म्हणून त्यांनी तो स्वतःच बाजारातून काढला. त्यांच्या या निर्णयाबद्दल आम्हाला आदर आहे. परंतु वापराविना पडलेला ट्रेडमार्क २०२४ मध्ये दुसऱ्यांच्याच हाती गेला. तेव्हा भागीदारीचा करार लेखी करावा, नाव नोंदवावे, आणि कोणासाठी मजुरीने काम केले तर हक्क कोणाचे हे आधी लिहून घ्यावे. भाऊबंदांतही हे करावे. त्यात अविश्वास नाही.

दुसऱ्याच्या मालकीलाही हाच न्याय. खेळाची नुसती कल्पना कोणाची मक्तेदारी नसते, पण चित्रे, संगीत, पात्रे, प्रोग्राम यांवर हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘सगळेच करतात’ हे उत्तर कोर्टात चालत नाही.

आणि पैसे लावून खेळायच्या खेळांपासून दूरच राहावे. झटपट कमाईच्या आमिषाने अनेक तरुणांनी त्यात आईबापांची बचत घालवली. आपल्याकडे जुगाराची कमाई कधीच कमाई मानली गेली नाही. आता देशाच्या कायद्यानेही तेच म्हटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद आहे. त्याच कायद्यात निव्वळ करमणुकीच्या आणि शिकवणाऱ्या खेळांना उत्तेजन द्यावे असेही म्हटले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केले. त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडला या कलांचे शिक्षण देणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू झाली. सरकारी योजनांची दारे ठोठावल्याशिवाय उघडत नाहीत, म्हणून माहिती काढणे आपल्याकडे आले.

सुरुवात कुठून?

आमची सूचना अगदी साधी आहे. कारखान्यात बसून एक वही करावी आणि आपल्या कामातल्या चमत्कारिक गोष्टी तीत लिहाव्यात. कापडाच्या थानातून जास्तीत जास्त पँटचे तुकडे कसे बसवायचे, हे कटिंग मास्टरचे रोजचे कोडे ‘टेट्रिस’हून कमी नाही. पावसाळ्यात भरलेला टेम्पो उल्हासनगरच्या गल्ल्यांतून स्टेशनपर्यंत नेणे, सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये दप्तर, डबा आणि कापडाचा गठ्ठा सांभाळून दारापासून आतपर्यंत सरकणे, उधारीची वही जुळवत गिऱ्हाईकही राखणे, यातले प्रत्येक काम खेळ होऊ शकते. लांबच्या देशातला माणूस ते विचित्र म्हणून उघडेल आणि आपला माणूस ओळखीचे म्हणून.

मोहल्ल्यातल्या एखाद्या क्लासच्या खोलीत रविवारी दोन तास, एक उस्ताद कारागीर आणि चार शिकलेली मुले एकत्र बसली तरी काम सुरू होईल. मुलाने विचारावे, उस्तादाने सांगावे, दोघांनी मिळून करून पाहावे. पहिला खेळ कागदावर, सोंगट्या आणि पत्ते घेऊन करावा, म्हणजे खर्च वहीपेन्सिलीचा. दहा जणांना खेळायला द्यावा. ते पुन्हा मागतात का, एवढेच पाहावे. मागितला तर कॉम्प्युटर उघडावा. नाही मागितला तर वहीचे पुढचे पान उलटावे.